वरचं रान आणि बूथरॉइड हे नाव

मी, ईनिड बूथरॉइड, वय त्र्याऐंशी, अविवाहित, राहणार हेल्मशॉ, यॉर्कशायर. गुडघे सोडले तर माझं सगळं शाबूत आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. आधीचं रद्द समजावं. ते रागात लिहिलं होतं.

१. राग क्लिफर्डवर, माझ्या भावाच्या मुलावर. लंडनला गेला आणि आडनाव छाटून नुसतं 'बूथ' केलं.

"आत्या, तिकडं लोक हसतात गं."

"हसू देत! तुझ्या आजोबांच्या थडग्यावर कोरलंय ते!"

एकवीस वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही. बाबा सांगायचे, आपल्या वरच्या रानाला 'बूथरॉइड' हे आपल्या घराण्याचं नाव पडलं. ते नाव लावणारी आता मी शेवटची, म्हणून जीव तुटायचा.

२. मार्चमध्ये नसरीन मला जुनी दफ्तरं दाखवायला सरकारी कचेरीत घेऊन गेली. अकरा वर्षं तिच्या मेंढ्या वरच्या रानात चरतात, आणि रानाच्या कडेची पडलेली प्रत्येक दगडी भिंत ती स्वतः रचते. कारकुनानं सातशे वर्षांपूर्वीचं चर्मपत्र उलगडलं आणि बोट ठेवून वाचलं, "विल्यम, झोपडीच्या रानातला."

विल्यमला आडनावच नव्हतं. झाडं तोडून मोकळं केलेलं रान म्हणजे रॉइड, तिथली झोपडी म्हणजे बूथ. पुढच्या पानावर तेच रान, पण माणूस दुसरा, विल्यमच्या नात्यातला नाही. नाव मात्र तेच.

"म्हणजे बाई, तिथं राहील तो बूथरॉइड," कारकून म्हणाला.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. देवा रे! रानानं आम्हाला नाव दिलं होतं, आणि बाबा जन्मभर उलटं सांगत राहिले. कुठल्याशा हिवाळ्यात एका माणसानं कुऱ्हाड चालवली, आणि आजही दवाखान्यात त्या नावाची हाक आली की मी उठते. नसरीननं चहा आणून दिला.

३. वरचं रान, गोठा आणि भिंती नसरीन मिर्झा हिला द्याव्यात.

४. आजोबांचं घड्याळ क्लिफर्डला. गाढवा, झोपडी ठेवलीस आणि रान टाकलंस! पण ते नाव माझ्या मालकीचं नव्हतंच, तुझ्यावर रुसायला. चुकलं माझं. घड्याळ न्यायला स्वतः ये.

वारसाची साक्ष चालत नाही, म्हणून नसरीनला बाहेर पाठवलं आहे. खिडकीतून दिसते, भिंतीला दगड लावते आहे.

साक्षीदार: विनिफ्रेड ग्रीनवुड, शेजारीण, ट्रेवर सटक्लिफ, टपालवाला. दोघं माझी सही पाहून माझ्यासमोर सह्या करतील.

हेल्मशॉ, ९ मे २०१९.

वकील म्हणतात, पूर्ण नाव हवं. ते वर लिहिलं आहे. सही मी विल्यमसारखी करते.

ईनिड, झोपडीच्या रानातली