गॉसिप म्हणालास ते

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ सवयीने लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस.

काल सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तू मला ‘गॉसिप’ म्हणालास. का, तर तुझ्या बायकोच्या दंडावरचे वळ मी आईला सांगितले. ती कपाटावर आपटली, असं तुझं म्हणणं. कपाटाला पाच बोटं असतात होय रे? वर मामांनी त्यावर हसरा चेहरा टाकला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शब्दकोशाच्या कचेरीत माझी उभी हयात गेली. दुसरं काही बोलला असतास तर सोडून दिलं असतं, पण हा शब्द माझ्या टेबलावरून गेलाय, तेव्हा आता ऐक. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो ‘गॉडसिब’ होता. गॉड म्हणजे देव, सिब म्हणजे सोयरा. बाप्तिस्म्याच्या वेळी देवासमोर मुलाची जबाबदारी घेणारं माणूस, रक्ताचं नसून घरचं झालेलं. पुढे जिवाभावाच्या मैत्रिणीलाही तेच म्हणू लागले, आणि बाळंतिणीजवळ बसणाऱ्या बायकांनाही. दार लावून त्या आत बोलत बसायच्या. बाहेर ताटकळणाऱ्या नवऱ्यांना वाटलं असणार, आपल्याबद्दलच चाललंय. तिथून त्या शब्दाची रया गेली. हे नवऱ्यांचं मात्र माझं मत हं. मी ते नोंदीत घातलं होतं, साहेबांनी खोडलं.

तुझी लेक जन्मली तेव्हा त्या खोलीत कोण होतं? मी. कळ आली की तुझी बायको माझं मनगट असं आवळायची की घड्याळाचा पट्टा तुटला. तू खाली गाडीत फोनवर होतास. नंतर मात्र, ताई होती म्हणून निभावलं, असं गावभर सांगत सुटलास. तेव्हा माझं तोंड तुला गोड लागत होतं.

आज सकाळी तू कामावर गेल्यावर ती लेकीला घेऊन माझ्याकडे आली. परत येणार नाही. वकीलबाईंशी बोलून तिचं तिनेच ठरवलंय. आई तिच्या उशाशी बसलीय. तू इकडे फिरकायचं नाहीस. आलास तर दार मी उघडेन, आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलेन. लेक किरकिरतेय. हे पत्र आणणाऱ्या काकांकडे तिचं निळं पांघरूण दे, आणि दार लाव.

अजून तरी तुझीच,
ताई