चार बोटं खाली आणलेला उंबरठा

सर, काल मी सही केली नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, हा कागद कुठे जायचा नाही, तरी पहिल्यांदा तुम्हालाच सांगते आहे, कारण कालच्या मीटिंगमध्ये माझ्याविरुद्ध साक्षीला तुम्हालाच उभं केलं होतं. स्वस्तातल्या मॉडेलच्या दारामधला आडवा पोलादी गज काढायचा, असं वरून ठरून आलंय. बाजूने कुणी धडकलं तर दार आत बसलेल्याच्या बरगड्यांपर्यंत येऊ नये, म्हणून तो असतो. ड्रॉइंगवर शेवटची सही माझी. मी पेन खाली ठेवलं तेव्हा प्लॅनिंगचे मॅनेजर म्हणाले, "मॅडम, सरांच्या गाडीत कुठे होता गज? चाललीच की ती इतकी वर्षं!" सगळे हसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

तुमची गाडी कशी झाली, हे त्यांच्यापैकी एकानेही पाहिलेलं नाही. बाहेरच्या कंपन्यांच्या गाड्या नुकत्या देशात यायला लागल्या होत्या, आणि खडकीकडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आपण सहाजण भिंतीवर कागद लावून काळ्या टेपने पूर्ण आकाराची गाडी आखत होतो. रेघ पटली नाही की तुम्ही टेप ओढून काढायचात आणि म्हणायचात, "अहो बाई, तुम्ही गाडी काढताय की पोळपाट?" लाकडी सांगाडा उभा राहिला त्या दिवशी तुम्ही नारायण पेठेतून तुमच्या आईंना रिक्षात घालून आणलंत. "ही चढली तर गाडी पास." आई लुगडं सावरत दाराशी आल्या, पाय उचलला, तो दाराखालच्या पट्टीला, गाडीच्या उंबरठ्याला, अडकला. "मेल्या, गाडी केलीस की माळा?" तुम्ही त्याच दुपारी तो उंबरठा चार बोटं खाली आणलात. दुसऱ्या खेपेला आई आपल्या आपण आत जाऊन बसल्या आणि उतरायलाच तयार होईनात. मला ते फार आवडलं होतं, आजही आवडतं.

पण उंबरठा खाली आला तसा बारीकही झाला. मग आत शिरायला ऐसपैस व्हावं म्हणून दारही तुम्ही पातळ केलंत, आणि गजाला जागाच उरली नाही. मी आकडेमोड घेऊन आले तर तुम्ही विचारलंत, "कायद्यात कुठे लिहिलंय?" तेव्हा खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं. गाडी रस्त्यावर आल्यावर दोन वर्षांनी आपण आत माणसाएवढा पुतळा बसवून तिला बाजूने चाचणीची जड ट्रॉली मारून पाहिली. दार पुतळ्याच्या सीटच्या मध्यापर्यंत घुसलं. तुम्ही कितीतरी वेळ चष्मा पुसत उभे होतात, आणि डबा न उघडता घरी गेलात. अहवाल कपाटात गेला. गाडी चालली म्हणतात, पण कुणाकुणाला घेऊन चालली, ते कुणी विचारायला गेलं नाही.

तर सर, तुमच्या नावाचा धाक मला कुणी घालू नये, तुम्हीसुद्धा नाही. आईंना गाडीत चढता आलं पाहिजे आणि वाटेत कुणी धडकलं तर धडधाकट उतरताही आलं पाहिजे. दोन्ही जमतं. उंबरठा खालीच ठेवून गज बसवता येतो, हे मी कॉम्प्युटरवर मांडून त्यांच्यापुढे ठेवलंय. थोडं जड होईल, होऊ दे. मला या खुर्चीवरून हलवायचं तर खुशाल हलवा म्हणावं, सही मिळणार नाही.

एक मात्र राहिलं. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की त्या वेळी बिनगजाच्या दाराच्या ड्रॉइंगवर तपासणीची सही तुम्ही माझ्याकडून दरडावून घेतलीत. काल घरी आल्यावर घरच्यांनाही हेच सांगितलं. तुम्ही दरडावलं नव्हतं. पेन पुढे करून तुम्ही म्हणाला होतात, "पटत नसेल तर करू नका, मी थांबतो." मलाच माझी पहिली गाडी लक्ष्मी रोडवर धावताना बघायची घाई झाली होती.