गोल, आणि चहा माझ्याकडून

१४ जानेवारी, शुक्रवार

सगळं फिरलं ते एका क्षणात. हातिमच्या व्हिडिओत वजीहमामानं बोलण्यासाठी गळ्यातल्या भोकावर बोट ठेवलं, आणि त्याच्या शब्दांवर गाढवाचं रेकणं चिकटवलेलं ऐकू आलं — तेव्हा. त्याआधी मी नुसता तापट होतो. आता मला काम मिळालंय.

लिहून काढतो, नाहीतर काहीतरी फोडीन.

कैरोच्या शुब्रा भागात कुणालाही विचारा, मामाचं दुकान अटारीचं. इथं खेळाच्या प्रत्येक जुन्या यंत्राला अटारीच म्हणतात, कुणी का बनवलेलं असेना. मी लहान होतो तेव्हा पोरं अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बोलीवर खेळायला यायची. आता आम्ही मामा-भाचे दुरुस्ती करतो. आणि ती फुटबॉलच्या खेळाची चोरटी डिस्क! मूळ समालोचन पुसून कुणीतरी त्यात चक्क आपल्या गल्लीच्या बोलीत समालोचन घातलं होतं. साऱ्या कैरोला ते पाठ आहे. ‘गोल! आणि चहा माझ्याकडून!’ पोरगी पटली तरी म्हणतात, निकाल लागला तरी म्हणतात. पण तो आवाज कुणाचा, ते कुणालाच ठाऊक नाही.

आम्हाला आहे. मामाचा. याच दुकानाच्या मोरीत, आवाज घुमावा म्हणून, बादली पालथी घालून तिच्यावर टेप ठेवून तो बोलला होता. मग कॅन्सर झाला. गळा कापून स्वरयंत्रच काढलं.

हातिम ‘त्या आवाजाच्या शोधात’ म्हणून आमच्याकडे आला. जुन्या खेळांवर व्हिडिओ करतो, दहा लाख लोक बघतात. आल्या आल्या मामाच्या खांद्याचं चुंबन घेतलं, चहा प्याला, ‘तुम्ही आमचं बालपण’ म्हणाला. जो मामा गिऱ्हाइकाशीसुद्धा खुणेनंच बोलतो, त्यानं बोट ठेवून तीन शब्द काढले — तो आवाज माझा.

व्हिडिओत त्यावर गाढव. आणि डोळा मारून हातिम म्हणतो, ‘ऐकलंत ना? म्हणे हाच तो आवाज.’

त्या दिवशी कॅमेरा धरला होता जिलाननं. माझ्या जिलाननं! — म्हणजे माझी कुठली. कॉलेजात पुढच्या बाकावर बसायची, एवढंच. मी प्रोफेसरशी भांडून इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं तेव्हा एक तीच दारापर्यंत मागे आली होती. त्या एवढ्याशा गोष्टीवर दोन वर्षं जगतोय.

मामानं व्हिडिओ पूर्ण बघितला. मग सोल्डरची तार उचलली आणि कामाला लागला. 

१७ जानेवारी

शाळा सुटली की पोरं दुकानासमोर येऊन गळ्याला बोट लावतात आणि रेकतात. एकाला चप्पल फेकून मारली. लागली नाही. चप्पल परत आणायला गेलो तर तीही घेऊन पळाले.

२१ जानेवारी, शुक्रवार

शुक्रवारच्या बाजारात सुटे भाग आणायला गेलो होतो. काय बाजार होता, काय झालंय त्याचं! पूर्वी गोणपाटावर मोडक्या पंख्यांशेजारी अटाऱ्यांचा ढीग असायचा, लाथेनं सरकवून निवडायचा. आता प्रत्येकीला वेगळी प्लास्टिकची पिशवी, जशी काही नवी नवरी. हातिमनं हात लावला ते सोनं. हातिम ‘नकली आहे, फेका’ म्हणाला की ते खरंच उकिरड्यावर. ज्या नकली यंत्रांवर आम्ही सगळे वाढलो ती! अस्सल आमच्यापैकी कुणाच्या बापानं आणली होती?

एकानं माझ्यासमोर यंत्र घेतलं. चालतं का, हेसुद्धा विचारलं नाही. फळीवर ठेवून मागं निळा दिवा लावणार म्हणे, हातिमच्या खोलीत असतो तसा. जुनं प्लास्टिक पिवळं पडतं, त्यावर हातिमनं उपाय सांगितलाय — केस सोनेरी करायची क्रीम फासा आणि उन्हात ठेवा. गच्च्या गच्च्यांवर कबुतरांच्या खुराड्यांशेजारी अटाऱ्या वाळत पडल्यात, कुरडयांसारख्या. दोन महिन्यांनी प्लास्टिक तडकतं, मग आमच्याकडे येतात. त्याच्यामुळंच आमचं बरं चाललंय, हे तर जास्तच झोंबतं.

शलबी बाजारातला जुना विक्रेता, मामाचा दोस्त. माल कसा ओळखतोस आता, असं विचारलं तर म्हणाला, ‘बाळा, मी माल बघतच नाही. व्हिडिओ बघतो.’ आणि सांगत होता, हातिम दर शुक्रवारी कॅमेरा चालू ठेवूनच येतो, आधी शलबीच्याच खोक्यात हात घालतो. शोध लागल्यासारखं दाखवायला आवडतं त्याला.

परत येताना मायक्रोबसमध्ये डोक्यात काहीतरी पेटलं. ड्रायव्हर दोनदा म्हणाला, ‘उतरायचं की घर इथंच करायचं?’

२३ जानेवारी

या नादातल्या लोकांत एक वावडी आहे. त्या फुटबॉलची ‘दुसरी डिस्क’ होती म्हणे, बाहेर पडलीच नाही. हातिमनं तिच्यावर कितीतरी व्हिडिओ केलेत. मामाला आज सहज विचारलं. त्यानं हात हलवला, मग बोट ठेवून म्हणाला, किती टेपा भरल्या, किती पुसल्या, कोण लक्षात ठेवतो.

बास. हातिमला दुसरी डिस्क मिळणार.

२६ जानेवारी

मामा तपासणीला हॉस्पिटलात. मी मोरीत. तीच बादली, टेपऐवजी फोन.

लहानपणापासून मला मामाचा आवाज काढता येतो. ऑपरेशनच्या आधी फोनवर आईचासुद्धा घोटाळा व्हायचा. तरी आज पहिलं वाक्य बोललो आणि अंगावर काटा आला. माझ्या तोंडातून मामा निघाला! तोच घोगरेपणा, तेच वाक्य ओढून शेवटी टाकणं. जरा वेळ नळाला टेकून उभा राहिलो. मग चेहऱ्यावर पाणी मारलं आणि पूर्ण सामना बोललो.

आणि मधोमध सुरुंग पेरला. ‘अरे हा मारला का भिरकावला! चेंडू गेला तिसऱ्या मेट्रोत बसून!’

डिस्क निघाली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. तिसरी मेट्रो, म्हणजे मेट्रोचा तिसरा मार्ग, सुरू झाला तेव्हा शाळेत जात होतो. हातिम सगळ्यांसमोर लाइव्ह ती डिस्क लावेल, डोळ्यांत पाणी आणेल, ‘अस्सल, अस्सल’ म्हणेल — आणि सगळं कैरो पोट धरून हसेल. मग गाढव कोण ते कळेल.

जुन्या डिस्कमधले आवाजाचे तुकडे काढून माझे घातले. मामाच्या कपाटातली कोरी, त्या काळातली डिस्क घेतली. तिच्यावर मार्करनं तसंच वाकडं लिहिलं.

२८ जानेवारी, शुक्रवार

शलबीच्या खोक्यात तळाशी ठेवून आलो. समोर उसाच्या रसवाल्याच्या आडोशाला उभा राहिलो.

हातिम आला. शोधल्यासारखं केलं. आणि डिस्क हातात येताच त्याचा चेहरा! उन्हात धरली, फिरवली, कपाळाला लावली. शलबी शपथा घेत होता की कुठून आली देवच जाणे — बिचारा खरंच बोलत होता.

जिलाननं कॅमेरा धरलेला. तिनं मला बघितलं. हात वर करायला गेली, मी तोंड फिरवलं. रस न पिताच निघालो.

२ फेब्रुवारी

जाहिरात आली! शनिवारी मगरिबच्या नमाजानंतर लाइव्ह. ‘कैरोचा हरवलेला आवाज.’ संगीत असं, जणू फिरऔन राजाची कबर उघडतायत.

मी तीनदा जेवलो आज.

३ फेब्रुवारी

जिलान दुकानात आली. मामा वर नमाजाला गेला होता, म्हणून मी तोंडात येईल ते बोललो. गाढव कुणी घातलं, एवढंच मला ऐकायचं होतं. हातिमनंच, असं ती म्हणाली असती तर मी तिथंच तिच्या पाया पडलो असतो.

‘त्यानं सांगितलं, मी घातलं,’ ती म्हणाली. ‘कात्री माझ्याच हातात होती, मुहाब.’

मी दाराकडे बोट दाखवलं. ती हलली नाही. मग सांगितलं — भरपाई म्हणून शनिवारच्या लाइव्हला तिनं मामाला बोलावलंय. हातिम नको म्हणत होता, ही त्याच्याशी भांडली. डिस्क मामासमोर लावायची, मामानंच सांगायचं आवाज आपला की नाही.

आणि मामा हो म्हणून बसलाय!

४ फेब्रुवारी

मामाला ‘जाऊ नको’ म्हणालो. त्यानं भुवया उडवून ‘का?’ विचारलं. थंडी बाधेल म्हणालो. तो हसला — आवाज नाही, नुसते खांदे हलले. मग बुटांना पॉलिश करायला बसला.

खरं सांगायला तोंड उघडलं. बंद केलं. इतकी धार लावलेली सुरी, आणि आता मध्ये कोण उभं आहे बघा.

५ फेब्रुवारी, शनिवार

हातिमची खोली. निळे दिवे. फळ्यांवर यंत्रं, एकही वायरला जोडलेलं नाही. मामा नवा मफलर गुंडाळून, ताजी दाढी करून खुर्चीत. मी कॅमेऱ्यामागे, जिलानच्या शेजारी. तिच्या केसांना जस्मिनचा वास येत होता.

हातिमनं डिस्क लावली. माझा आवाज त्या खोलीत पसरला.

मामानं डोळे मिटले. ओठ हलायला लागले. मी त्याच्याकडे बघू शकेना. पडद्यावर लोकांचे शेरे धावत होते — रडतोय भाऊ, बालपण भाऊ. हातिमनं ठरल्याप्रमाणे डोळे पुसले.

मग ती ओळ आली. तिसरी मेट्रो.

आधी एकजण. मग दहा. मग शेऱ्यांचा धबधबाच — ‘हातिमला टोपी घातली!’, ‘तिकीट दाखवा!’ त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा. हेच तर मला हवं होतं! हाच चेहरा! आणि लगेच त्या हलकटानं तो चेहरा मामाकडे वळवला. हसत, कॅमेऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘काय काका? तेव्हा कुठली हो तिसरी मेट्रो? आम्हाला फसवायला तुम्हाला आम्हीच सापडलो?’

मी पुढं झालो. सांगणार होतो, देवाशपथ सांगणार होतो. जिलाननं माझी बाही पकडली.

मामानं सावकाश डोळे उघडले. बोट ठेवलं.

‘मेट्रो नव्हती,’ तो म्हणाला. प्रत्येक शब्दामागं शिट्टी. ‘पेपरात मात्र रोज यायची. येणार, येणार. जे कधी येत नाही, त्याला आम्ही तिसरी मेट्रो म्हणायचो. उधार नेणारा गेला तिसऱ्या मेट्रोनं. पाहुणा येतोय तिसऱ्या मेट्रोनं.’ दम घेतला. ‘तू कुठला आहेस, पोरा? कैरोचा नाहीस वाटतं.’

क्षणभर शेरे थांबले. मग जो काही पूर आला! माझा बाप असंच म्हणायचा, असं लोक लिहायला लागले. खोटारडे! कुणाचाच बाप असं म्हणत नव्हता. कुणी लिहिलं, काका माफ करा, आम्ही हसलो. हातिम उठला, मामाच्या डोक्याचं चुंबन घेतलं, खरोखर रडला — किंवा जमतंय त्याला.

६ फेब्रुवारी

मामा काय पठ्ठ्या आहे! बसल्या जागी गोष्ट रचली आणि मला वाचवलं.

पण सूड? हातिम दुप्पट मोठा झाला! ‘ज्यानं आवाज शोधला तो.’ गाढवाचा व्हिडिओ गुपचूप काढून टाकला. सकाळपासून दुकानापुढं रांग, मामाबरोबर फोटो. गेल्या महिन्यात रेकणारी तीच पोरं मामाचा हात हातात घेतायत. एकाच्या पायात माझी चप्पल.

नाही. असं संपणार नाही. मोरीतलं मूळ रेकॉर्डिंग फोनवर आहे, हसण्याखोकण्यासकट. टाकतो सगळीकडं. डिस्क माझी, आवाज माझा, हातिम गाढव. मामा माझ्याच बाजूचा आहे, कालच कळलं.

७ फेब्रुवारी

टाकणार एवढ्यात जिलानचा फोन.

ती म्हणाली, डिस्कवरचा आवाज तुझा आहे. कॅन्टीनमध्ये मी हाच आवाज काढायचो, तो तिनं पहिल्या शब्दालाच ओळखला. मग बाही का धरलीस, असं विचारलं.

‘तुझ्या मामाला मी एकदा कापलंय,’ ती म्हणाली. ‘पुन्हा माझ्यासमोर कुणाला कापू देणार नव्हते. तुलासुद्धा.’

मी म्हणालो, मामाला सगळं माहीत आहे, त्यानंच मला झाकलं.  मग म्हणाली, टाकायचं तर टाक, मी अडवणार नाही. पण आधी मामाला विचार. मी उद्या संध्याकाळी पुलाजवळच्या कोशरीवाल्याकडं जेवायला आहे.

विचारतो! हसेल तो. खांदे हलवून हसेल.

८ फेब्रुवारी

मामा एकटाच होता. हातिमनं देऊन टाकलेली ती डिस्क लावलेली, हाताचा पंजा टीव्हीच्या स्पीकरवर. मी हसत म्हणालो, मामा, तिसऱ्या मेट्रोचं काय जुळवलंस रे लाइव्हला.

तो हसला नाही. बोट ठेवलं. ‘जुळवलं कुठं? आठवलं. तू मोरीच्या दाराबाहेर भोकाड पसरलं होतंस, म्हणून ती ओळ दोनदा घ्यावी लागली.’ मग पुन्हा दम घेऊन — ‘वाटलं होतं, हा आवाज आता काही परत ऐकायला मिळत नाही.’

मी म्हणालो, हो, आई सांगते, फार रडका होतो मी.

फोन काढून मूळ रेकॉर्डिंग पुसलं. मामानं डिस्क पुन्हा पहिल्यापासून लावली. मी बाहेर आलो, आणि रस्त्याचा गलका आत जाऊ नये म्हणून दार घट्ट लावून घेतलं.