कुंडाची पायरी

विश्रामबाग, रविवार, संध्याकाळ

वन्सं आत्ताच इस्लामपूरला परत गेल्या. चहाही घेतला नाही. माझं डोकं अजून शांत नाही.

हे होते तेव्हा दर थंडीत आम्ही आंबा घाट उतरून गरम पाण्याच्या कुंडाला जायचो. देवळाशेजारचं जुनं दगडी कुंड, गंधकाचा वास. हे गुडघ्यांसाठी पाण्यात उतरायचे आणि मी टॉवेल धरून पायरीवर बसायचे. त्या पाण्यात चांदी काळी पडते, आणि सवाष्णीने जोडवी काढायची नाहीत, असं सासूबाईंनी बजावलं होतं. हे हसायचे. "घाल की पाय. काळी पडली तर चिंचेनं घासून देतो."

मी कधी घातला नाही. का नाही घातला?

यांच्या दहाव्याला माझी जोडवी वन्संनीच काढली. मला कोणी विचारलं नाही. आज, यंदाही कुंडाला जाणार म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "आवं वैनी, वरीस तरी सरू द्या! लोकं म्हणतील, नवरा गेला आन् ही निघाली आंघोळीला."

"म्हणू देत. पाणी गरम आहे म्हणावं, तुम्हीही या."

असं मी त्यांना कधीच बोलले नव्हते.

त्या गेल्यावर कपाटातली डबी उघडली. जोडवी घट्ट झाली होती, साबण लावून चढवली. पिशवीत टॉवेल एकच घेतलाय, माझा. या वेळी पायरीवर बसणार नाही. शेजारच्या बायकांच्या कुंडात उतरणार, जोडव्यांसकट.

काळी पडली तर पडू देत. चिंच घरात आहे.