मुरमाच्या उतारावरची सायकल

अप्पा, आपल्याकडच्या दोन्ही सायकली सडकेसाठी बनवलेल्या होत्या, आणि तुमचं काम जिथं सडक नव्हती तिथं होतं. जिंतूरहून परभणीकडं जाणारा खडीचा रस्ता सोडला तर बाकी सगळ्या गाडीवाटा, बांध, ओढे आणि काळं रान. एक सायकल सरकारी, देवीची लस टोचणारे मुलाजिम म्हणून तुम्हाला दौऱ्यासाठी मिळालेली. दुसरी तुम्ही पूर्णेच्या रेल्वेतल्या एका ओळखीच्या माणसाकडून आणली होती. दोन्ही विलायती, उंच, बारीक चाकांच्या. आणल्याबरोबर तुम्ही त्यांची मडगार्डं आणि चेनकव्हरं काढून ठेवलीत, कारण ओली काळी माती मडगार्डात जाऊन बसायची आणि चाक फिरायचंच थांबायचं. बाभळीच्या काट्यांसाठी टायरच्या आत जुन्या टायरच्या पट्ट्या कापून घातल्यात. आई म्हणायची, ही सायकल हाय का सोललेलं जनावर. तुमच्या सुया उकळायचं पातेलं ती चुलीच्या मागं वेगळं ठेवायची. ते चुकून स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळलं की दिवसभर ती आपल्या दोघांशी बोलायची नाही.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. लग्नाला सात महिने झाले आणि नवरा तापानं गेला. सासरच्यांनी मला बैलगाडीतून आणून सोडलं आणि पाणीसुद्धा न पिता परत गेले. आपल्या लिंगायतांत दुसऱ्या लग्नाला वाट होती आणि आत्या तसं बोलूनही दाखवायची, पण तुम्ही तो विषय काढला नाहीत. सकाळची लिंगपूजा आटोपून तुम्ही एक दिवस माझ्यापाशी येऊन बसलात आणि म्हणालात, "बाया मला दंड दाखवत न्हाईत. त्यांच्यासंगं लेकरंबी घरातच ऱ्हात्यात. तू टोचशील का?" मी हो म्हणाले. मला वाटतं, तुम्ही कुठलंही काम सांगितलं असतंत तरी मी हो म्हणाले असते, घरात बसून बसून मी इतकी कंटाळले होते.

सायकल तुम्ही मला नदीच्या कोरड्या पात्रात शिकवलीत. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून मी दांडीवरून पाय टाकते आहे, तुम्ही मागून कॅरिअर धरून पळता आहात आणि पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून बघत आहेत. वाळूत चाकातली हवा थोडी कमी करायची, हे तिथंच कळलं. पुढं रानात नेलंत तेव्हा भेगा कशा पार करायच्या ते सांगितलंत. "भेग आडवी घ्यायची, माय. तिच्या संगं गेलीस की चाक आत बसतंय." तुमचा आणखी एक नियम होता, वेशीपाशी खाली उतरायचं आणि गावात चालत जायचं. मी विचारलं, तुमी पुरुषमाणूस, तुमी का उतरता? तुम्ही म्हणालात, "आपण लोकायच्या घरी चाललोत. वरून खाली बघत जायचं न्हाई."

ज्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे तो चैतातला. चारठाण्याच्या पलीकडं डोंगरात एक वाडी होती. तिथं तीन लेकरांना देवी आल्याची खबर आदल्या दिवशी आली, आणि नशिबानं परभणीहून लसही त्याच दिवशी आली होती. पण उन्हानं लस मरते. फटफटायला लागल्यावर आपण निघालो. काचेच्या बारीक नळ्या तुम्ही ओल्या फडक्यात गुंडाळून दोन डब्यांत ठेवल्यात. "अर्ध्या तुझ्याकडं, अर्ध्या माझ्याकडं. दोघं एकदम पडणार न्हाईत." माझा डबा माझ्या हँडलला बांधलात.

चारठाण्याच्या पुढं काळं रान संपलं आणि मुरूम लागला. वाडीच्या आधी एक खोल ओघळ होती. उतार सरळ, बारीक खड्यांनी भरलेला. तुम्ही उतरलात, सायकल हातात घेतलीत आणि मागं न बघता म्हणालात, "उतर. हातानं ने." तुम्ही खाली जाऊन वळणाआड दिसेनासे झालात, आणि मी उतरले नाही. मी सायकलवरूनच निघाले. अर्धा उतार नीट गेला. मग पुढचं चाक खड्यांवरून सरकलं, मी एका अंगावर पडले आणि डबा दगडावर आपटला. आवाज तुम्हाला ऐकू आला. तुम्ही वर चढून आलात आणि आधी डबा उघडलात. माझा गुडघा फुटलेला होता, कोपरातून रक्त येत होतं, पण तुम्ही एकेक नळी उजेडात धरून बघत होता. दोन शिल्लक होत्या. मग विचारलंत, "उतरली न्हवतीस?"

"उतरले होते. पाय घसरला."

तुम्ही उताराकडं पाहिलंत. मीही पाहिलं. मुरमात तुमच्या पावलांपासून वेगळी, वरून मी पडले तिथपर्यंत माझ्या चाकाची रेघ आलेली होती आणि तिच्या बाजूला माझं एकही पाऊल नव्हतं. तुम्ही धोतराचा सोगा फाडून माझा गुडघा बांधलात आणि म्हणालात, "चल. ऊन व्हायलंय."

वाडीत एक म्हातारी दारात बसली होती. तिचा शब्द वाडीत चालायचा. ती म्हणाली, "घरात आई आलीय. तिच्या अंगावर सुई घेऊन कोण येतंय?" तुम्ही वाद घातला नाहीत. बाहेर लिंबाखाली बसलात आणि मला आत पाठवलंत. मी म्हातारीला माझ्या दंडावरचे वण दाखवले. तिनं ते बोटानं चाचपले आणि विचारलं, "ह्येच्यानं येत न्हाई?"

"मला आली न्हाई. माझ्या सासरी शेजारच्या घरात चार जणांना आली होती."

"आन् नवरा कुठाय तुझा?"

"तापानं गेला. त्या तापावर सुई न्हवती."

ती बराच वेळ माझ्या बांधलेल्या गुडघ्याकडं बघत होती. मग सुनेला म्हणाली, "आधी ह्या बाईला पाणी दे. मग लेकरं आण."

लेकरं आली तेव्हा लस पुरणार नाही हे उघड होतं. तान्ही आणि पाच वर्षांच्या आतली आधी, असं तुम्ही ठरवलंत. आत रांग लावायचं काम माझं. एक नऊ वर्षांची पोरगी, हातात बाहुलीसारखं काही तरी धरलेली, दोनदा पुढं येऊन उभी राहिली. दोन्ही वेळा मी तिला खांद्याला धरून मागं केलं. "आठ दिसानं येते, तवा तुझा पहिला नंबर," असं म्हणाले. ती हसली.

आठ दिवसांनी आपण गेलो तेव्हा नवी लस आलेली नव्हती. तुम्ही टोचलेल्या लेकरांच्या दंडावर फोड भरलेले होते. त्यांतली लस घेऊन तुम्ही उरलेल्यांना टोचलंत. ही जुनी पद्धत होती. तिला मनाई आहे हे तुम्हीच मला शिकवलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "हे बोलायचं न्हाई." वाडीतलं कुणी गेलं नाही. पण ती पोरगी तोवर अंथरुणावर होती. ती वाचली. तिचा डावा डोळा गेला. म्हातारीनं आपल्याला ताक दिलं, आणि मी ते प्याले, हे मला आठवतं.

त्यानंतर वर्षभर तुम्ही दौऱ्यावर पायी जात होतात. सरकारी सायकल कोपऱ्यात दिसेना. मी विचारलं तर म्हणालात, गुडघे दुखायलेत, चाललेलं बरं. मी ते खरं मानलं. माझी सायकल मला चालवू दिलीत आणि तुम्ही माझ्या मागून तासभरानं गावात पोचायचात. मी वेशीपाशी उतरून तुमची वाट बघत उभी राहायची.

पुढं निजामाचं राज्य गेलं आणि दुसऱ्या वर्षी तुम्हीही गेलात. तुमच्या ट्रंकेत उर्दूतले कागद होते. मला उर्दू वाचता येत नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्या मौलवीसाहेबांना मी एकेक कागद वाचून दाखवायला सांगितलं. बहुतेक गावांची नावं आणि लेकरांच्या याद्या. एका कागदाशी ते थांबले. तुम्ही वरिष्ठांना पाठवलेल्या रपटीची, म्हणजे अहवालाची, ती नक्कल होती. त्यात लिहिलं होतं, सायकल बेफिकिरीनं चालवताना मी स्वतः पडलो, लस फुटली, कसूर माझी आहे. खाली वरिष्ठांचा शेरा होता, सायकल जमा करून घ्यावी. मौलवीसाहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "तुमचे वालिद तर फार सांभाळून चालवायचे, बेटी." मी म्हणाले, "हो."

तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा आता मी पंधरा वर्षांनी मोठी आहे. पुढं तीस वर्षं मीच देवी टोचल्या, त्यातली बरीच सायकलवरून, आणि कुठल्याही उतारावर चालवत गेले नाही. त्या वाडीला आता डांबरी सडक आहे. ती पोरगी म्हातारी झाली. तिची नातवंडं आहेत. मी दोनदा तिच्या घरी जाऊन आले आणि दोन्ही वेळा मूळ गोष्ट न सांगता परत आले. तुमची माफी मागावी म्हणून हे पत्र लिहायला घेतलं होतं. डबा माझ्यामुळं फुटला, खोटं मी बोलले, डोळा तिचा गेला आणि सायकल तुमची गेली, हे सगळं मला मान्य आहे. पण हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकते. तो पहिला अर्धा उतार, अप्पा, चाकाखाली खडे उडत होते, पदर मागं फडफडत होता, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच मी मोठ्यानं हसले होते. मला तो फार आवडला होता. अजूनही आवडतो.