भाजलेल्या मातीचा ट्रे

तै महिना (पोंगलचा), बुधवार, संध्याकाळ

इन्नंबूरच्या बांधावरच्या मातीत कोणकोणतं बी झोपलंय ते बघायला गच्चीवर ट्रे मांडलेत. एका ट्रेतली माती मुद्दाम भाजलेली, तुलनेसाठी. तिथं काहीच उगवायला नको. आणि आज तिथं मूग!

तणतणत खाली आले, तर अप्पा खुशीत. "पावम्, बिचारं तेवढंच एक मागं राहिलेलं गे. लग्नात धान्य पेरलेलं पालिकेचं मडकं कोरं राहिलं की जिवाला कसं होतं! म्हणून मीच मूग टाकले. बरं केलं ना?"

तुलनेचा ट्रे पुन्हा मांडायचा आता. सांगावं का? "हो अप्पा," एवढंच म्हटलं.

नवा ट्रे कॉलेजात ठेवीन. हा राहू दे. गुडघ्यांपायी देवळाच्या पायऱ्या सोडलेले अप्पा, भाजलेल्या मातीला पाणी घालायला रोज जिना चढत होते.