घाणेरीचं कुंपण

१८ ऑक्टोबर १९८२, सकाळी ७.४०
आजपासून शास्त्रीय काम. पाऊस गेला तो गेलाच. यंदा आमचा जळकोटचा माळ पेटणार, हे आजच लिहून ठेवतो. कोणतं झुडूप किती सेकंदांत पेटतं याचा तक्ता करून लातूरला कलेक्टरसाहेबांना पाठवायचा. जिल्हा नवा, दोन महिन्यांचा आहे. आगतज्ज्ञाची जागा अजून भरली नसणार.

२१ ऑक्टोबर
टेस्ट. कुसळी गवत: २ सेकंद. बाभळीच्या काट्या, जुन्या कुंपणातून उपसलेल्या: ९. घाणेरी, माळावरून ताजी तोडलेली: सहा काड्या ओढल्या, पेटली नाही. बोट भाजलं (उजव्या हाताचं, दुसरं).
काड्यापेटी कुठाय म्हणून सुमन तीनदा विचारून गेली.

२ नोव्हेंबर
शेजारच्या केरबाने कडब्याची गंजी रचली. औंदा एवढीच. गाभण देवणी गाय मिरगापर्यंत त्यावरच जगवायची. आणि भोवती कुंपण बाभळीच्या काट्यांचं! तक्ता दाखवला. काट्या काढायला लावून कंबरेएवढी ओली घाणेरी रचून घेतली. तुमी शिकलेले हाव भाऊ, म्हणाला. सातवीच, पण बाकीचं स्वतः वाचलेलं, हे त्याला सांगितलं.
सुमन म्हणाली, "अहो, वाळली घाणेरी तर आमी चूल पेटवायला आणताव."
बायकांचं निरीक्षण. वेळ मोजलेली नसते.

१५ जानेवारी १९८३
अहवाल रजिस्टर्ड पोस्टाने रवाना. शिफारस क्र. १: जिल्ह्यातल्या प्रत्येक गंजीला घाणेरीचं कुंपण.

१० मार्च
उत्तर नाही. नव्या जिल्ह्याला कामं फार. कुंपण तपकिरी दिसायला लागलंय. रंगाचा आगीशी संबंध कुठे वाचलेला नाही. तरी पुन्हा टेस्ट घेणार. उद्या.

११ मार्च
ऊन फार. उद्या.

६ एप्रिल, दुपारी २.३५
माळ पेटला. भाकीत तंतोतंत. जाळ गवतातून गंजीकडे आला. केरबा पेंढ्या ओढायला धावला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, जाळ घाणेरीपाशी थांबतो, बघ.
थांबला नाही.

९ एप्रिल
केरबा गाय घेऊन देवणीच्या बाजाराला निघाला. आमच्या दारात थांबला. सुमनने गायीला पाणी पाजलं, माझ्याकडे बघितलं नाही.
केरबा म्हणाला, "भाऊ, तुमी समदं घड्याळ लावून मोजताव. आमची गंजी किती वेळात गेली, लिव्हलं का?"
न्हाई म्हणालो.
मोजलं होतं. अकरा मिनिटं, वीस सेकंद.